गिटारवाल्याला बेस घ्यायचाय: पहिला बेस, घरगुती अ‍ॅम्प आणि बेताचे पैसे

सहावी_तार

नमस्कार मंडळी. आठ वर्षं गिटार वाजवतोय, त्यातली बहुतेक वर्षं मागे उभं राहून कॉर्ड धरण्यात गेली. आमच्या चौघांच्या बँडमधला बेस (चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवणारा मित्र लांब राहायला गेला. दोन गिटारवाल्यांपैकी एकानं बेस घ्यायचा असं ठरलं आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. आधी तोंड वाकडं केलं. मग एका ओळखीच्याचा बेस शनिवार-रविवारपुरता घरी आणला, उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले, आणि सोमवारी परत देताना जिवावर आलं. म्हणजे आता घेणं आलं.

पैसे एवढेच की त्यात एक बरी नवशिक्यांची गिटार आणि छोटा अ‍ॅम्प येईल. प्रश्न असे:

घरी १५ वॅटचा गिटार अ‍ॅम्प आहे, त्यावर भागेल का? लहान स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी कमी असलेला) घ्यावा की पूर्ण ३४ इंची? माझे हात लहान आहेत. प्रिसिजन की जॅझ (फेंडरचे दोन प्रसिद्ध नमुने), यात मला काडीचं कळत नाही. आणि नवा घ्यावा की वापरलेला? खालच्या मजल्यावर माणसं राहतात, हेही लक्षात घ्या.

खर्जातली

स्वागत आहे. चिठ्ठीनं आलेलेच पुढे टिकतात असा माझा अनुभव आहे, मीही तशीच आले.

अ‍ॅम्पचं आधी सांगते, कारण तिथेच गिटारवाले फसतात. तुमच्या गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. बेसची सर्वांत जाड ई तार (चार तारा, जाड ते बारीक: ई, ए, डी, जी) तिच्या बरोबर निम्मी, ४१ हर्ट्झ. सूर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच हवा असला तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. गिटार अ‍ॅम्पचा पडदा त्यासाठी बनवलेलाच नसतो. हळू आवाजात, अ‍ॅम्पवरची बेसची (खर्जाची) कळ निम्म्यावर ठेवून सराव केलात तर काही बिघडत नाही, अ‍ॅम्प जागीच जळून जातो वगैरे बाता आहेत. पण जोर आला, आवाज वाढवलात, की आधी फडफड ऐकू येते आणि तिकडे दुर्लक्ष केलंत तर पडदा फाटतो. मी एक फाडलाय. भावाचा होता. अजून ऐकवतो.

तेव्हा पहिले दोन-तीन महिने असलेल्याच अ‍ॅम्पवर हळू आवाजात काढा आणि सगळा जोर वाद्यावर लावा, असं माझं मत.

हेडफोन_बहाद्दर

खर्जातली यांना +१, आणि मी एक पाऊल पुढे जातो. अ‍ॅम्प घेऊच नका.

घरातला छोटा बेस अ‍ॅम्प म्हणजे ८ इंची स्पीकर आणि १५-२५ वॅट. त्यातून ४१ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. येतात ते त्याच्या वरचे ८२, १२३, १६५ हे उपसूर, आणि त्यावरून खालचा मूळ सूर आपला मेंदू स्वतःच जुळवून घेतो. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवरही सूर ‘कळतो’, फक्त पोटात जाणवत नाही. उलट कान पूर्ण झाकणाऱ्या बऱ्यापैकी हेडफोनमध्ये तो खरोखर येतो. तुम्ही तार कुठे घासली, कुठे नको तेव्हा वाजत राहिली, सगळं उघडं पडतं. सरावाला तेच हवं.

गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचे चिमुकले हेडफोन अ‍ॅम्प मिळतात, व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगची खास बेससाठीची आवृत्ती आहे. किंवा झूम बी१ फोरसारखा एखादा मल्टिइफेक्ट (आवाज घडवणारा डबा), त्यात हेडफोनची सोय आहे आणि ताल वाजवून देणारं यंत्रही. रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस घरात असेल तर तोही पुरेल. फक्त त्यावरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायला विसरू नका, नाहीतर आवाज मरगळलेला येईल आणि तुम्ही बेसला शिव्या घालाल.

ठेकेदार

ड्रमवाला बोलतोय. हेडफोनमध्ये सहा महिने एकट्यानं वाजवलेला बेसिस्ट माझ्याकडे आला होता. सूर एकदम स्वच्छ. पण खोलीत हवा हलते तेव्हा काय होतं हे त्याला माहीतच नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून जोरजोरात तार ओढायला लागला आणि लय गेली खड्ड्यात.

हेडफोन घ्या, हरकत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी माणसांबरोबर, उघड्या स्पीकरवर वाजवा.

हेडफोन_बहाद्दर

ते मान्य. खाली माणसं राहतात असं त्यांनी म्हटलंय म्हणून बोललो. बाकी सगळ्या आवाजांपेक्षा बेसचा आवाज भिंतीतून आणि जमिनीतून जास्त आरपार जातो. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता स्टुलावर, खाली जाड फोम घालून ठेवला तर थोडा फरक पडतो. थोडाच.

सहावी_तार

धन्यवाद. म्हणजे अ‍ॅम्पचे पैसे वाद्याकडे वळवायचे असा सूर दिसतोय. मग स्केलचं काय?

निम्मा_सूर

मी गिटारवरूनच आलो आणि लहान स्केलवर सुखात आहे, म्हणून त्या बाजूनं मीच बोलतो.

गणित सोपं आहे. तुमच्या २५.५ इंची गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंत (मानेवरची धातूची आडवी पट्टी) साधारण १३४ मिलिमीटर अंतर असतं. ३० इंची बेसवर तेच १५७ होतं आणि ३४ इंचीवर १७८. म्हणजे ३४ वर चार फ्रेटमध्ये तुमच्या बोटांना सव्वाचार ते साडेचार सेंटिमीटर जास्तीचं ताणायचंय. हात लहान असतील तर पहिल्या महिन्यातच मनगट बोलायला लागतं. शिवाय लांबी कमी केली की तेवढ्याच जाडीच्या तारेवरचा ताण उतरतो. ३४ वरून ३० वर आलात की जवळपास २२ टक्के कमी. तार मऊ लागते.

आणि ‘लहान स्केल म्हणजे पोरांचं खेळणं’ असं कोणी म्हटलं तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर दाखवा. तोही साधारण ३० इंचीच. तोही मुळात गिटारवाला, १९६१ मध्ये बँडचा बेसिस्ट गेला म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं.

खर्जातली

सगळं खरं, फक्त ‘मऊ लागते’ याची दुसरी बाजूही सांगा ना. मऊ तारेवर गिटारवाल्याचा हात जोरात पडला की तार फ्रेटवर आपटते आणि सूर सुरुवातीला वर चढून मग खाली येतो. आणि ई तार लहान स्केलवर थोडी गुबगुबीत वाजते. काहींना तोच आवाज आवडतो. दोन गिटारांच्या बँडमध्ये मात्र मला ३४ इंचीचा ताठ ई जास्त उपयोगाचा वाटतो.

हात लहान असल्याचं म्हणाल तर माझेही लहानच आहेत. उपाय वाद्यात कमी आणि बोटांत जास्त आहे. गिटारवर आपण चार फ्रेटला चार बोटं लावतो. बेसच्या खालच्या भागात तसं करूच नका. उभा मोठा बेस वाजवणारे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात, तिसरं चौथ्याला आधार देतं, आणि एका वेळी तीनच फ्रेट व्यापतात. चौथा फ्रेट हवा तर बोट ताणायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे गेलात की मग चार बोटांची चैन करा.

निम्मा_सूर

हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर कदाचित मीही ३४ घेतला असता. पण आता सांगून काय उपयोग, माझा गोडुला मला सोडवत नाही.

(सहावी_तार, एक मात्र बघा. लहान स्केलच्या तारा वेगळ्या लांबीच्या येतात. ३४ ची तार कापून बसवायला गेलात तर जाड भाग खुंटीवर येतो आणि तुटते किंवा सैल पडते. तुमच्याकडे त्या सहज मिळतात का ते आधी पाहून घ्या.)

सोल्डर

दुरुस्तीचं काम करतो. प्रिसिजन की जॅझ या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो.

लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बाजारात आणला. तोवर बहुतेक बेसवाले माणसाएवढा उभा, बिनफ्रेटचा बेस वाजवत. याला फ्रेट होते, बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक) आला, जो आजही सगळे वापरतात. ते दोन तुकडे एकमेकांची घरघर मारतात, म्हणून बेस शांत असतो. एक व्हॉल्यूम, एक टोन, चुकायला जागा नाही. १९६० मध्ये जॅझ आला. त्याला दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, आणि नटपाशी नेक (मान) अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनचा त्याहून रुंद. गिटारवाल्याच्या हाताला जॅझचा नेक पटकन ओळखीचा वाटतो. मात्र जॅझचा एकच पिकअप चालू ठेवलात तर घरघर येते, दोन्ही पूर्ण उघडलेत की जाते. दर आठवड्याला एक तरी माणूस ‘बेस बिघडला’ म्हणून माझ्याकडे येतो आणि मी दोन्ही कळा फिरवून परत पाठवतो.

तिसरा रस्ता म्हणजे दोन्हींचा संकर, मध्ये प्रिसिजनचा पिकअप आणि ब्रिजजवळ (तारांच्या खालच्या टोकापाशी) जॅझचा. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ तसा आहे, आणि पॅसिव्ह आहे. आयबानेझचा जीएसआर २०० ही त्याच घडणीचा, त्यात खर्ज वाढवायची एक बॅटरीवर चालणारी कळ आहे. स्क्वायरच्या (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) खालच्या मालिकांत शुद्ध प्रिसिजन आणि शुद्ध जॅझ दोन्ही मिळतात. या भावात सगळे उन्नीस-बीस. नावापेक्षा समोर ठेवलेला नेमका नग कसा आहे ते बघा. एकाच मॉडेलचे दोन बेस शेजारी ठेवले तर एक मखमल आणि एक सुतारकाम निघू शकतं.

सहावी_तार

सोल्डरकाका, वापरलेला घ्यायचा झाला तर काय काय बघू? आणि अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह म्हणजे नक्की काय?

सोल्डर

काका म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅक्टिव्हमध्ये बेसच्या पोटातच एक छोटं सर्किट असतं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आवाज वाढवता आणि घडवता येतो. केबल खोचलेली राहिली की बॅटरी संपत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. पहिल्या बेसला पॅसिव्हच बरा. बिघडायला कमी.

आता वापरलेला. पहिली गोष्ट नेक. हेडच्या (खुंट्यांच्या) बाजूनं एक डोळा मिटून बंदुकीच्या नळीतून बघावं तसं नेकच्या दोन्ही कडांवरून बघा. दोन्ही कडांचा बाक सारखा हवा. एक कड वर, एक खाली म्हणजे नेक पिळलेला. कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या, तो पीळ सहसा निघत नाही. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे बघा. एखादं व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास, ठीक. जास्त असेल तर घाबरू नका, ट्रस रॉडनं (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) येतं. पण तो रॉड फिरतो का, की कोणी आधीच शेवटपर्यंत आवळून ठेवलाय, हे विचारा. फिरवून दाखवायला विकणारा तयार नसेल तर समजून जा.

फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा नखाला लागतात का. कळा फिरवताना खरखर येते का, ती बहुतेकदा स्प्रेनं जाते, भावात कमी करायला उपयोगी. जॅक हलवून बघा. खुंट्या फिरवताना मधेच सैल लागते का. पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडा, काही बेसचं डोकं जमिनीकडे जातं, मग डावा हात दिवसभर हमाली करतो. चार किलोच्या आसपास वजन असतं, पट्टा रुंद घ्या.

आणि प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. प्रत्येक. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो, ती नेकच्या लाकडाची खोड असते. सगळ्यांत थोडीफार असते, पण ऐकून घ्या.

पैशांचं म्हणाल तर दहा वाटे करा. सहा-सात वाद्याला, एक चांगल्या सेटअपला (नेकचा बाक, तारांची उंची जुळवून घेणं) आणि नव्या तारांना, उरलेलं आवाज ऐकण्याच्या सोयीला. सेटअपचा वाटा लोक कापतात आणि मग म्हणतात बेस फार कडक आहे. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन-अडीच मिलिमीटर आली की तोच बेस वेगळा वाटतो.

ठेकेदार

आता माझी तक्रार, सगळ्या गिटारवाल्यांबद्दल. तुम्ही लोक बेस हातात आला की मोकळ्या जागा भरायला बसता. प्रत्येक फटीत एक सुरावट. माझा उजवा पाय ज्या क्षणी किकवर (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर) पडतो त्या क्षणी तुमचा सूर पडायला हवा, आधी नाही, नंतर नाही. आणि सूर कधी थांबवता हे कधी सुरू करता याइतकंच महत्त्वाचं. माझा स्नेअर (काठीनं वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) वाजतो तेव्हा तुम्ही गप्प झालात की तो स्नेअर दुप्पट मोठा वाटतो. फुकटात.

खर्जातली

ठेकेदार पोटतिडकीनं बोलले, पण बरोबर बोलले. गिटारवर कॉर्ड वाजून विरून जाते, आपण तिच्या शेवटाचा विचारच करत नाही. बेसवर शेवटही वाजवावा लागतो. डाव्या हाताची पकड नुसती ढिली केली, बोट तारेवरून न उचलता, की सूर कापला जातो. आणि जी तार वाजवत नाही ती उजव्या अंगठ्यानं दाबून ठेवा. ए तार वाजवताना अंगठा ई वर, डी वर गेलात की अंगठाही एक तार खाली. नाहीतर हेडफोनमध्ये नुसता मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येईल.

पिकनं (छोट्या प्लास्टिकच्या पट्टीनं) वाजवावं की बोटांनी, हे विचारलं नाहीत पण विचाराल. कॅरल के या मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांच्या हाती बेस आला, आणि त्यांनी पुढे पिकनंच वाजवून स्टुडिओत नाव काढलं. दुसरीकडे नामवंत बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचे, त्या बोटाला ‘हुक’ म्हणत. तेव्हा लाज बाळगू नका. पण बोटंही शिका, फोड दोन आठवड्यांत घट्टे होतात.

निम्मा_सूर

जेमर्सन सपाट गुंडाळणीच्या तारा वापरत, तेही सांगा. फ्लॅटवाउंड महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात आणि बोट सरकवताना चिरचिरत नाहीत. घरच्यांच्या दृष्टीनं हा मोठा गुण.

हेडफोन_बहाद्दर

अवांतर: हा धागा अ‍ॅम्पवर सुरू झाला होता.

सहावी_तार

खरंय, परत तिकडे येतो. बँडच्या सरावाला किती वॅट लागतील?

खर्जातली

ड्रमबरोबर २५ वॅट म्हणजे माठात तोंड घालून ओरडणं. वॅट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट. त्यात खालचे सूर कानाला मुळातच कमी ऐकू येतात, म्हणून बेसला गिटारपेक्षा खूप जास्त ताकद लागते. गिटारवाल्याचा ३० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प खोली हलवतो, बेसला त्याच खोलीत निदान दीडशे-दोनशे हवेत.

तुमच्या पैशात ते बसत नाही, आणि बसवूही नका. सरावाच्या जागी स्पीकर आणि मिक्सर असेल तर डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवणारा डबा) त्यात जा. घरासाठी अ‍ॅम्प घ्यावासा वाटलाच तर लाइन आउट असलेला बघा. फेंडर रंबल ४० ला १० इंची स्पीकर आहे आणि मागे मिक्सरला जोडायची सोय. रंबल २५ ला ८ इंची आणि हेडफोन आहे, पण ती सोय नाही. अँपेगचा बीए-१०८ ही ८ इंचीच. वापरलेला १० इंची मिळाला तर नव्या ८ इंचीपेक्षा तोच घ्या.

ठेकेदार

आणि मिक्सरच्या स्पीकरमध्ये किकही जात असेल तर दोघांनी मिळून जपून. एकदा एका सराव-खोलीतला स्पीकर आम्ही दोघांनी मिळून गप्प केला होता. भाड्याचा होता.

सहावी_तार

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी.

लहान स्केलचे दोन आणि ३४ इंची चार वाजवून पाहिले. निम्मा_सूर, तुमचा गोडुला का सोडवत नाही ते कळलं. पण पहिलं-दुसरं-चौथं बोटाची युक्ती घरी कागदाच्या पट्टीवर फ्रेट आखून करून बघितली होती, त्यामुळे ३४ इंचीची भीती गेली. वापरलेला, पॅसिव्ह, प्रिसिजन-जॅझ संकर घेतला. नेक सरळ, ट्रस रॉड फिरवून दाखवला, एका कळीची खरखर होती त्यावर भाव पाडला. सेटअप करून नव्या तारा घातल्या. हेडफोन अ‍ॅम्प घेतला. मोठा अ‍ॅम्प नाही, सरावाला मिक्सरमध्ये जातो.

पहिल्या सरावाला आमचा ड्रमर म्हणाला, ‘निम्मे सूर कमी कर.’ दुसऱ्या सरावाला म्हणाला, ‘अजून निम्मे.’ तिसऱ्याला काही म्हणाला नाही.

एक अडचण आहे. जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सूर ठप्प करून मरतो. पाचवा आणि सातवा ठणठणीत. सोल्डरकाका, तुम्ही लिहिलं होतं, आणि दुकानात मी नेमका तेवढाच फ्रेट वाजवायचा विसरलो.

सोल्डर

सगळेच तो विसरतात. घाबरू नका, सेटअपनं ते जाणार नाही आणि बेस परत करण्याएवढं ते मोठंही नाही. हेडला एखादा छोटा क्लॅम्प लावून बघा, वजन वाढलं की ती जागा थोडी सरकते, कधी दोन फ्रेटच्या मधोमध जाऊन बसते. नाहीतर तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटवर आहे.

सहावी_तार

क्लॅम्प नव्हता, ट्यूनर लावून बघितला, काडीचा फरक नाही. अकराव्यावर वाजवला. तिथे जाड वाजतो, मला तोच जास्त आवडला.